टीव्हीवर नीट दिसणारी कॅसेट लॅपटॉपवर का नाचते?

“टीव्हीवर बघा की, झकास दिसतंय. मग लॅपटॉपवरच का नाचतंय ओ?” लग्नाच्या जुन्या कॅसेटी कम्प्युटरवर घ्यायला बसलेल्या माणसाच्या तोंडून हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. संशय आधी लॅपटॉपवर जातो, मग व्हीसीआरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या, ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त डोंगलवर, मग सॉफ्टवेअरवर. घरात कुणीतरी इंजिनिअरिंगला असतो, तो येऊन ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतो. चित्र नाचायचं काही थांबत नाही. कारण बहुतेक वेळा दुखणं कम्प्युटरच्या अलीकडे असतं, कॅसेटमध्ये किंवा व्हीसीआरमध्ये. आपण उपचार मात्र पलीकडच्या टोकाला करत बसतो.

हा प्रश्न सध्या अनेक घरांत पडतोय, त्यालाही कारण आहे. आपल्याकडे १९८२च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला आणि त्यामागोमाग व्हीसीआर आले. पुढची वीसेक वर्षं लग्न, बारसं, मुंज, आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, सगळं कॅसेटवर साठत गेलं. आता त्या कॅसेटींचं वय तीस-चाळीस वर्षं झालंय. जगातल्या शेवटच्या व्हीसीआर उत्पादक कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६च्या जुलैत उत्पादन बंद केलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने तर आधीच बजावलं होतं की २०२५पर्यंत डिजिटल न केलेल्या चुंबकीय फिती बहुतांशी हातच्या जातील. २०२५ उलटल्यावर सगळ्या कॅसेटी एका रात्रीत कोऱ्या झाल्या असं अर्थातच नाही. पण फीत, ती चालवणारं यंत्र आणि ते यंत्र दुरुस्त करणारा मेकॅनिक, हे तिन्ही एका वेळी हाताशी असण्याचे दिवस कमी होत चाललेत, एवढं खरं.

## फितीवर नेमकं काय लिहिलेलं असतं?

व्हीएचएस, म्हणजे घरोघरी असायची ती नेहमीची व्हिडिओ कॅसेट. तिच्यातली फीत अर्धा इंच रुंद असते. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण एका चिकट लेपाने बसवलेले असतात आणि त्या कणांच्या चुंबकत्वात चित्र साठवलेलं असतं. फीत पुढे सरकते ती अगदी संथ, सेकंदाला अडीच सेंटीमीटरहूनही कमी. एवढ्या सावकाश सरकणाऱ्या फितीवर चित्र मावणं शक्य नाही, म्हणून व्हीसीआरमध्ये एक चकचकीत गोल ड्रम तिरका बसवलेला असतो. तो मिनिटाला १,५०० फेरे मारतो. ड्रमच्या कडेला असलेली दोन हेड, म्हणजे चुंबकीय खुणा लिहिणारे-वाचणारे बारीक भाग, फितीवर आळीपाळीने तिरप्या रेघा ओढतात, सेकंदाला पन्नास. एकेक रेघ सुमारे ०.०५ मिलिमीटर रुंद, म्हणजे केसाहूनही बारीक. प्ले दाबल्यावर हेडने नेमकी तीच रेघ पकडायची असते. ती हुकली की पडद्यावर पांढरे पट्टे येतात, आणि आपण ट्रॅकिंगचं बटण फिरवायला लागतो. ट्रॅकिंग म्हणजे हेड आणि रेघ यांची गाठ घालून देणं.

यातली मुद्द्याची गोष्ट अशी की कॅसेटवर अख्खं चित्र कुठेच नसतं. तिथे असतात एकामागून एक येणाऱ्या आडव्या ओळी. आपल्याकडच्या टीव्हीच्या ‘पाल’ नावाच्या पद्धतीत एका चित्रात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे दर सेकंदाला १५,६२५ ओळी. एक ओळ संपून दुसरी सुरू व्हायला सेकंदाचा ६४ दशलक्षांश भाग मिळतो. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला “इथून नवी ओळ” असा एक छोटा इशारा असतो.

सोलापुरात हे समजावणं सोपं आहे. माग डोळ्यासमोर आणा. धोटा इकडून तिकडे जातो, आडवा धागा टाकतो; पुन्हा जातो, पुढचा धागा टाकतो. प्रत्येक धागा काठाशी नेमक्या जागी वळला तर चादरीची किनार सरळ येते. एखादा धागा लवकर वळला, एखादा उशिरा, तर किनार वेडीवाकडी होते आणि जेकार्डमधला मोरही वाकडा दिसतो. कॅसेटमधून येणाऱ्या ओळींचं हेच होतं. फीत थोडी ताणलेली असते, व्हीसीआरचे रबरी पट्टे सैल पडलेले असतात, त्यामुळे कुठली ओळ किंचित आधी पोचते, कुठली किंचित नंतर.

जुना पेटीसारखा टीव्ही याबाबतीत उदार होता. ओळ जेव्हा येईल तेव्हा रेखाटायची, उशीर झाला तर थोडं थांबायचं, असा त्याचा कारभार. कम्प्युटर म्हणजे निर्यातीच्या मालाची तपासणी करणारा माणूस. त्याला प्रत्येक ओळ ठरल्या क्षणी हवी. नाही आली तर तो ती वाकडी जोडतो, फारच बिघडलं तर पूर्ण चित्र फेकून देतो आणि पुढच्याची वाट बघतो. टीव्हीवर नीट आणि लॅपटॉपवर नाचतंय, याचा उलगडा इथे आहे. वरच्या प्रश्नातली दोन्ही निरीक्षणं खरी असतात.

## मग आधी काय तपासायचं?

ज्या क्रमाने सिग्नल जातो त्याच क्रमाने: कॅसेट, व्हीसीआर, वायर, डोंगल, सॉफ्टवेअर, फाईल. दोन साध्या चाचण्यांत अर्धं काम होतं. तीच कॅसेट टीव्हीला लावून बघा. तिथेही पट्टे आणि मुंग्या असतील तर लॅपटॉपला हात लावू नका, दोष कॅसेटचा किंवा व्हीसीआरचा आहे. मग दुसरी कॅसेट त्याच व्हीसीआरमध्ये घाला. ती नीट चालली तर पहिली कॅसेट आजारी, तीही बिघडली तर व्हीसीआर.

मात्र व्हीसीआरची पहिली परीक्षा लग्नाच्या कॅसेटवर करायची नाही. दहा-पंधरा वर्षं बंद असलेला व्हीसीआर पहिल्यांदा चालू करताना त्यात एखादी टाकाऊ पिक्चरची कॅसेट घाला. प्ले, स्टॉप, फॉरवर्ड, रिवाइंड, इजेक्ट, सगळं करून बघा. रीळ खाणारा व्हीसीआर निदान त्या कॅसेटचं रीळ खाईल.

## कॅसेट आजारी आहे हे कसं ओळखायचं?

कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा. ती काळी, गुळगुळीत, चमकदार दिसली पाहिजे. पांढरट ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशीचे कण हेडवर बसतात आणि नंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटीलाही लागतात. तिची साफसफाई हे जाणकाराचं काम आहे.

आपली हवा कोरडी, मग बुरशी कुठून येणार, असं वाटतं. पण पावसाळ्यात गळक्या माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काही कोरडी नसते. शिवाय पुष्कळ कॅसेटी मुंबई-कोकणातल्या नातेवाइकांकडून आलेल्या असतात. सोलापूरचा खरा शत्रू मात्र ऊन. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असताना पत्र्याखालच्या माळ्यावर किती तापत असेल याचा विचार करा. उष्णतेने फितीचा आकार किंचित बदलतो आणि मग चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकतो, माणसांची डोकी वाकडी दिसतात. शहराच्या पूर्व भागात ज्यांच्या घरात किंवा शेजारी माग चालतात त्यांना सुताची तूसही बघावी लागते. व्हीसीआरचं झाकण उघडलं की ती आत बसलेली सापडते.

कॅसेट माळ्यावरून काढल्या काढल्या लावू नका. एक दिवस खोलीत राहू द्या. मग एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड आणि पुन्हा रिवाइंड करा, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली गुंडाळी सुटी होते. फिरताना चर्रचर्र आवाज आला किंवा वेग मंदावला तर मात्र जबरदस्ती नको. फितीवरचा चिकट लेप ओलाव्याने सुटत असेल तर ती फीत स्वतःलाच चिकटते आणि ओढली की लेपासकट चित्र निघून येतं.

कॅसेटच्या पाठीमागच्या कडेला डाव्या कोपऱ्यात एक छोटी प्लॅस्टिकची टिकली असते. ती मोडून टाका. ती नसली की व्हीसीआर त्या कॅसेटवर रेकॉर्डिंग करत नाही. चुकून लाल बटण दाबलं जाऊन सप्तपदीवर क्रिकेटची मॅच चढलेली घरं कमी नाहीत.

तुटलेली फीत घरच्या चिकटपट्टीने जोडायची नाही. उन्हाने तिचा गोंद पाझरतो आणि हेडवर बसतो. त्यासाठी वेगळी स्प्लायसिंग टेप असते. फुटलेलं कवच मात्र घरी बदलता येतं. पाच स्क्रू काढायचे आणि रीळ दुसऱ्या कॅसेटच्या कवचात बसवायचं. उघडताना आतल्या स्प्रिंगा आणि रुळांच्या जागेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आणि एक विचारून बघण्यासारखं. शूटिंगवाल्याने तुम्हाला दिलेली कॅसेट बहुधा नक्कल होती. मूळ शूटिंगवरून बदामात फोटो फिरवून, गाणी टाकून मिक्सिंग व्हायचं आणि त्याच्या प्रती निघायच्या. मुलाकडच्यांना एक, मुलीकडच्यांना एक. दुसऱ्या घरची प्रत तुमच्यापेक्षा कमी झिजलेली असू शकते. व्याह्यांना फोन करणं कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त.

## व्हीसीआर: पैसे घालायचे तर इथे

चित्र धूसर, मुंग्यांनी भरलेलं आणि आवाज मात्र स्वच्छ असेल तर हेड घाण झालेलं आहे. साध्या आवाजाचा पट्टा फितीच्या कडेला असतो आणि तो वेगळं, स्थिर हेड वाचतं, म्हणून आवाज वाचतो. सफाईसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. कानात घालायच्या कापसाच्या काड्या नकोत, त्यांचे धागे हेडमध्ये अडकतात. मऊ चामड्याचा तुकडा किंवा अल्कोहोलमध्ये भिजवलेली कोऱ्या कागदाची पट्टी ड्रमला हलकी टेकवून स्थिर धरायची आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं. प्लग आधी काढलेला असावा आणि पुन्हा चालू करण्यापूर्वी अल्कोहोल पूर्ण सुकू द्यावं.

पडद्यावर अधूनमधून गडद निळा रंग येऊन चित्रच गायब होत असेल तर तो बिघाड असेलच असं नाही. सिग्नल कमजोर झाला की चित्र झाकायचं, अशी सोय पुष्कळ व्हीसीआरमध्ये असते. मेनूमध्ये ती बंद करता येते. निळ्या पडद्यापेक्षा मुंग्यांतून दिसणारी आजी बरी.

चित्राच्या अगदी तळाला पाच-सात ओळींची खरखरीत पट्टी दिसते, त्याने लोक घाबरतात. एक हेड सोडून दुसऱ्याकडे जाण्याची ती जागा. ती पहिल्या दिवसापासून तिथे आहे. जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड लपवायचे म्हणून आपल्याला ती कधी दिसली नाही. नंतर तिच्यावर काळी पट्टी टाकता येते.

आता ओळींच्या वेळेचा प्रश्न. त्यावरचा खरा उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, थोडक्यात टीबीसी. हे यंत्र आलेल्या ओळी क्षणभर आपल्याकडे थोपवून धरतं आणि मग ठरल्या ठेक्यात पुढे सोडतं. वर सांगितलेल्या मागावर प्रत्येक धागा जागेवर ओढून किनार सरळ करणारा कारागीर बसवावा, तसं. काही महागड्या व्हीसीआरमध्ये टीबीसी आतच असायचा. वेगळा घ्यायचा तर घरगुती कामाला परवडत नाही. त्यावर जुनी जाणकार मंडळी एक युक्ती करतात. जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये लावायचा. व्हीसीआरची वायर त्यात, त्याची वायर डोंगलमध्ये. रेकॉर्डिंग करायचं नाही, चित्र नुसतं त्याच्यातून जाऊ द्यायचं. पॅनासोनिकचे ईएस-१० आणि ईएस-१५ हे रेकॉर्डर या कामासाठी हौशी लोकांत नावाजलेले आहेत. सगळेच डीव्हीडी रेकॉर्डर हे करतात असं नाही, आणि साधा डीव्हीडी प्लेयर तर मुळीच करत नाही. माझ्या मते दोन-तीन हजार रुपये खर्च करायचेच असतील तर ते नव्या डोंगलवर किंवा सॉफ्टवेअरवर घालण्यापेक्षा चांगल्या अवस्थेतल्या व्हीसीआरवर आणि अशा रेकॉर्डरवर घालावेत.

## वायर आणि डोंगल

पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. व्हीसीआरच्या मागे ‘आउट’ लिहिलेल्या भोकात लावायची. ‘इन’मध्ये लावून तासभर काळ्या पडद्याकडे बघणारे भेटतात, पण ते लवकर सुटतं. व्हीसीआरला आवाजाचं एकच भोक असेल तर फाईलमध्ये आवाज फक्त डाव्या कानात येतो. नंतर सॉफ्टवेअरमध्ये तो दोन्हीकडे करून घ्यावा.

आवाजात सतत घुंऽऽ आणि चित्रात हळूहळू वर सरकणारा जाडसर पट्टा दिसला तर तो घरच्या ५० हर्ट्झच्या विजेचा आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून बघा. घुंऽऽ गेलं तर दोन प्लगांच्या अर्थिंगमधला फरक हेच कारण. सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावूनही पुष्कळदा काम होतं.

चित्र येतंय पण कृष्णधवल, किंवा सारखं वर-खाली फिरतंय? सॉफ्टवेअरमध्ये पद्धत बघा. अमेरिकेची एनटीएससी निवडलेली असेल तर पाल करा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटीबाबत हेच उलटं होतं. ती कॅसेट एनटीएससी असते. आपले काही व्हीसीआर ती टीव्हीवर रंगीत दाखवतात, पण त्यासाठी ते एक मिश्र सिग्नल तयार करतात आणि तो अनेक डोंगलना कळत नाही. अशा कॅसेटीसाठी खरा एनटीएससी व्हीसीआर शोधावा लागतो.

‘ईझीकॅप’ या नावाने आणि तशाच आकारात विकल्या जाणाऱ्या डोंगलांमध्ये वेगवेगळ्या चिप असतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या डोंगलचा ड्रायव्हर तुमच्या डोंगलला चालेलच असं नाही. सोबत आलेली सीडी घालायला नव्या लॅपटॉपला जागाच नसते. विकत घेतानाच ड्रायव्हरशिवाय चालणारं, वेबकॅमसारखं ओळखलं जाणारं मॉडेल बघा. विंडोज १० आणि ११मध्ये डोंगलला कॅमेरा आणि त्याच्या आवाजाला मायक्रोफोन समजलं जातं. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये या दोन्हींना परवानगी नसेल तर सगळं जोडूनही पडदा काळाच राहतो. आवाजाचा स्रोत डोंगलच आहे ना, हे नावानिशी तपासा. नाहीतर लॅपटॉपचा स्वतःचा माईक चालू राहतो आणि तीन तासांनी फाईल उघडल्यावर सनईच्या जागी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात.

“कॉपी प्रोटेक्टेड” असा संदेश घरच्या लग्नाच्या कॅसेटवर येतो तेव्हा लोक चक्रावतात. विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या कॅसेटींवर नक्कल होऊ नये म्हणून मॅक्रोव्हिजन नावाची युक्ती वापरत. चित्राच्या वरच्या, न दिसणाऱ्या ओळींत मुद्दाम खोटे झटके घातलेले असत. त्याने रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राचा उजेडाचा अंदाज चुकायचा आणि नक्कल गडद-फिकी होत राहायची. झिजलेल्या कॅसेटचा डळमळीत सिग्नल काही डोंगलना तसाच वाटतो. हेड साफ करणं, ट्रॅकिंग जुळवणं आणि मध्ये वर सांगितलेला रेकॉर्डर लावणं, याने हा गैरसमज बऱ्याचदा मिटतो. मात्र तो रेकॉर्डरही कधी कधी तोच गैरसमज करून घेतो.

## ओठ आधी, आवाज नंतर

सगळ्यात जास्त डोकं खाणारी तक्रार हीच. सुरुवातीला सगळं ठीक, पण मंगलाष्टकांपर्यंत येता येता भटजींचे ओठ मिटतात आणि “सावधान” नंतर ऐकू येतं.

यामागे दोन कारणं असतात आणि दोघांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिलं कारण गळालेली चित्रं. कम्प्युटरने वेळेवर न आलेलं चित्र फेकून दिलं, पण आवाज मात्र सलग घेतला, की चित्राची लांबी आवाजापेक्षा कमी भरते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये २,७०,००० चित्रं असतात. हजारातलं एक जरी गळालं तरी २७०, आणि सेकंदाला २५ या हिशेबाने शेवटी जवळजवळ अकरा सेकंदांचा फरक. दुसरं कारण घड्याळांचं. कम्प्युटरमध्ये चित्र मोजणारं आणि आवाज मोजणारं घड्याळ वेगळं असू शकतं, आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत.

फरक ओळखायला फाईलमधल्या तीन-चार जागा बघा. अंतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं असेल तर काहीच कठीण नाही, आवाज तेवढा पुढे-मागे सरकवायचा. अंतर हळूहळू, समान गतीने वाढत असेल तर घड्याळांचा दोष आहे. संपादन करताना आवाज किंचित आखडून किंवा ताणून ते जुळतं. पण अंतर मध्येच उडी मारून वाढत असेल, विशेषतः जिथे चित्र फाटलंय किंवा दोन शूटिंगांचा जोड आहे तिथे, तर चित्रं गळाली आहेत. ती फाईल दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. कारण दूर करून पुन्हा घ्या.

टीबीसी नाही, रेकॉर्डरही मिळाला नाही, तर निदान कम्प्युटरकडून होणारी गळती थांबवता येते. डोंगल यूएसबी हबमध्ये न लावता थेट लावा. अँटिव्हायरसची तपासणी, विंडोजचं अपडेट, स्लीप मोड तेवढ्यापुरते बंद ठेवा. फाईल पेनड्राइव्हवर न लिहिता आतल्या डिस्कवर लिहा. रेकॉर्डिंग चालू असताना त्याच लॅपटॉपवर यूट्यूब बघू नका, हे सांगावं लागतं. आणि तीन तास सलग घेण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला आवाज-चित्र नव्याने एकत्र निघतात.

## फाईल बिघडली की बिघडवली?

रेकॉर्डिंग दर वेळी साधारण त्याच आकाराला अडतं, चार जीबीच्या आसपास? मग डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करा, पण फॉरमॅट करताना आधीचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा.

ओबीएस हे रेकॉर्डिंगचं फुकट सॉफ्टवेअर चांगलं आहे, पण त्याची आधीपासूनची मांडणी कॅसेटसाठी नाही. चित्राचा वेग सेकंदाला ३० किंवा ६० असतो, तो बदलून यादीतला ‘५० पाल’ किंवा ‘२५ पाल’ निवडा. नाहीतर वरातीतली माणसं दचकत चालल्यासारखी दिसतात. फाईलचा प्रकार एमपी४ ऐवजी एमकेव्ही ठेवा. मध्येच लाईट गेली तर अर्धवट एमपी४ बहुधा उघडतच नाही, एमकेव्ही मात्र तिथपर्यंत शाबूत राहते. आपल्या गावात हे सांगायला फार स्पष्टीकरण लागू नये.

नाचणाऱ्या हातांच्या कडा दातेरी दिसतात, तोही बिघाड नव्हे. कॅसेटवर प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येतं: आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या. दोन हप्त्यांमध्ये सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं आणि तेवढ्यात हात हललेला असतो. हे हप्ते नीट मिसळण्याला डी-इंटरलेसिंग म्हणतात. ओबीएसमध्ये डोंगलच्या नावावर उजवं क्लिक करून ते निवडता येतं. ‘याडिफ २एक्स’ हा पर्याय ‘५० पाल’ वेगाबरोबर छान जुळतो.

सगळी माणसं बुटकी आणि रुंद दिसत असतील तर चित्र १६:९ मध्ये ताणलं गेलंय. कॅसेटचं चित्र ४:३ असतं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.

डिस्कवर जागेचा अंदाज: दाबून लहान केलेली चांगली फाईल तासाला साधारण तीन जीबी, अजिबात तपशील न गमावणारी तीसच्या आसपास. लग्नाच्या कॅसेटला पहिली पुरते. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने जेमतेम २४० ओळींचाच तपशील असतो. फोर-केमध्ये घेतल्याने त्यात भर पडत नाही.

## “पण मोबाईलने टीव्हीचं शूटिंग केलं तर?”

पडद्याची फडफड, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आणि खोलीतला आवाज, हे सगळं सोबत येतं. तरीही एका परिस्थितीत मी ते सुचवेन. कॅसेट इतकी नाजूक आहे की कदाचित एकदाच चालेल, तर डोंगल लावलेला असतानाही समोर मोबाईल उभा करून ठेवा. डोंगलने दगा दिला तर काहीतरी हाती राहतं.

पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींचा सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलणारी एव्ही-टू-एचडीएमआय डबी लावायचा सल्लाही मिळतो. स्वस्त डब्या चित्र ताणतात आणि सेकंदाला ५० चे ६० करताना हालचाल अडखळवतात. दुसरा काहीच उपाय नसेल तेव्हाच. आणि घेताना दिशा बघा, एचडीएमआय-टू-एव्ही नावाची उलट्या कामाची डबी दिसायला अगदी तशीच असते.

“एआय साफ करेल ना सगळं?” काही अंशी. मुंग्या कमी होतात, रंग सुधारतात. पण फितीवर नसलेला चेहऱ्याचा तपशील एआय कल्पनेने भरतं, आणि तो चेहरा मग तुमच्या आत्याचा राहत नाही, आत्यासारख्या कुणाचा तरी होतो. प्रयोग करायचे तर प्रतीवर करा, मूळ फाईल तशीच ठेवा. हँडीकॅमच्या मिनीडीव्ही कॅसेटींचा तर रस्ताच निराळा आहे. त्यांच्यावर चित्र आधीच डिजिटल असतं, म्हणून पिवळ्या वायरीने न घेता कॅमेऱ्याच्या फायरवायर भोकातून जसंच्या तसं उतरवावं. तासाला सुमारे १३ जीबी लागतात.

## दुकानात द्यायचं ठरलं तर

एवढी उस्तवार ज्यांना नको त्यांनी खुशाल दुकानात द्यावं. त्यात कमीपणा नाही. फक्त सगळं गाठोडं एकदम देऊ नका. आधी एकच कॅसेट द्या, शक्यतो कमी महत्त्वाची, आणि आलेली फाईल घरी पूर्ण बघा: ओठ-आवाज शेवटी जुळतात का, चित्र ४:३ आहे का, फाईल मध्येच संपत नाही ना. डीव्हीडीवर नको, फाईल पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर मागा. डीव्हीडीसुद्धा टिकतेच असं नाही आणि ती चालवणारं यंत्रही आता घरात नसतं. दुकानदाराचा लोगो चित्रावर येणार नाही आणि शूटिंगमागचा मूळ आवाज काढून नवीन गाणी टाकली जाणार नाहीत, हे आधीच बोलून घ्या. काही ठिकाणी ते हौसेने करून देतात. कॅसेटी मोजून द्या, मोजून परत घ्या, आणि फाईल दोन वेगवेगळ्या डिस्कवर गेल्याशिवाय एकही कॅसेट रद्दीत घालू नका.